आमची वाटचाल: भट्टी आधी, स्टुडिओ नंतर

काचकाम करायचं ठरलं तेव्हा आम्हा बहीण-भावाकडे घरातली एक रिकामी खोली होती आणि दोघांच्या आवडी वेगळ्या होत्या. ताईला गॅस टॉर्चच्या ज्योतीवर मणी करायचे होते, मला काचेचे तुकडे जोडून ताटल्या आणि वाडगे. पैसे मात्र एकाच भट्टीपुरते. कोणती घ्यायची यावर आम्ही खूप वेळ घालवला, आणि तो सत्कारणी लागला.

भट्टी घ्यायला निघालेला माणूस आधी विचारतो, ही किती तापते? काचेसाठी हा प्रश्न फार मोठा नाही. थर एकजीव व्हायला 800 अंश सेल्सिअसच्या आसपास पुरतं, साच्यात काच वाकवायला 650 ते 680. आम्ही विचारायचो, ही थंड कशी होते? काचेचा बाहेरचा भाग आधी आवळला आणि आतला गरम राहिला, की ताण आत अडकतो. वस्तू दिसायला सुरेख असते आणि पुढे कधीतरी कपाटात ठेवल्या ठेवल्या तडकते. तो ताण निघून जावा म्हणून काच ठरावीक तापमानाला धरून ठेवायची आणि मग सावकाश उतरवायची, हे अनीलिंग. मी वापरतो त्या बुल्सआय कंपनीच्या काचेसाठी ते तापमान 482 अंश आहे. 12 मिमी जाडीचा तुकडा तिथे 2 तास धरतात आणि सुरुवातीला तासाला 55 अंशांनी उतरवतात. 25 मिमीला 4 तास लागतात आणि उतरण तासाला फक्त 15 अंश. रात्रभर घड्याळाकडे बघत हे हाताने कोण करणार? त्यामुळे प्रत्येक टप्प्याचा वेग, तापमान आणि थांबा वेगळा भरता येईल असाच कंट्रोलर हवा, हे सगळ्यात आधी पक्कं झालं. पैसे कमी पडले तर भट्टी लहान घेऊ, पण कंट्रोलर साधा घ्यायचा नाही.

मग भट्टी तापवणाऱ्या कॉइलचा प्रश्न. मातीकामाच्या भट्टीत कॉइल बाजूंनी असतात. सपाट काचेच्या कडा त्यामुळे आधी तापतात आणि मधला भाग मागे राहतो. झाकणात कॉइल असली की सगळ्या पृष्ठभागावर उष्णता सारखी पडते. माझ्या ताटल्यांसाठी तीच हवी होती. ताईला समोर लहान दार हवं होतं, म्हणजे ज्योतीवरून काढलेला मणी सळईसकट लगेच गरम भट्टीत सरकवता येतो. वर कॉइल आणि पुढे मण्यांचं दार, दोन्ही असलेली भट्टी शोधून घेतली. भिंती विटांच्या. सिरॅमिक फायबरची भट्टी पटकन तापते आणि पटकन निवते. वीट उष्णता धरून ठेवते, आणि जाड कामाला ते मानवतं.

खोलीची तयारी इलेक्ट्रिशियनला बोलावून केली. 3 किलोवॅटची भट्टी 230 व्होल्टवर 13 अँपिअरच्या आसपास वीज ओढते, तीही तासन् तास. म्हणून तिला स्वतंत्र लाइन, स्वतःचा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग. भट्टी आणि भिंत यांत मोकळी जागा सोडली, खाली न जळणारा तळ घातला. टॉर्चच्या टेबलावर बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला आणि सिलिंडर खोलीबाहेर ठेवले. काच चिकटू नये म्हणून भट्टीतल्या शेल्फला दिलेला जुना लेप खरवडताना मास्क लावायचाच, ती धूळ फुप्फुसांसाठी वाईट.

काचेच्या बाबतीत आमचा एक कडक नियम आहे. ताईची काच 104 प्रसरणांकाची, माझी 90 ची; तापल्यावर काच किती फुगते त्याचं हे माप. दोन्ही एकत्र वितळतात, पण थंड होताना वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि फुटतात. अनीलिंग कितीही केलं तरी उपयोग नाही. म्हणून कपाटं वेगळी, उरलेल्या तुकड्यांचे डबेही वेगळे. नवीन माणूस मदतीला आला की त्याला आधी हेच दाखवतो.

मागणी आधी मण्यांना आली. ताटल्यांचं काम नंतर वाढलं, आणि एका भट्टीवर दोघांचे दिवस वाटून घेणं कठीण होऊ लागलं तेव्हा दुसरी घेतली. पहिली आता पूर्णपणे ताईकडे आहे. पारदर्शक वस्तू विकण्याआधी आम्ही दोन पोलरायझिंग फिल्टरच्या मध्ये धरून बघतो. ताण राहिला असेल तिथे काच उजळ दिसते. अशी वस्तू पुन्हा भट्टीत जाते, ग्राहक कितीही घाईत असला तरी.