डोळ्यांना पाणी येते, मग ते कोरडे कसे?

कोकण किनाऱ्यावर डोळ्यांचा दवाखाना चालवणाऱ्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला बहुधा मालवणीत येतो: ‘डॉक्टरांनू, डोळ्यांतसून पाणी व्हावता आणि तुम्ही सुके डोळे म्हणतास?’ दुसऱ्यामागे थोडा अभ्यास असतो: आमच्याकडे अंगावरचा घाम सुकत नाही, एवढी हवेत ओल, तिथे डोळे कसे सुकतील? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ‘कोरडे डोळे’ या एका नावाखाली निरनिराळे बिघाड येतात, आणि त्यांतला आपला कोणता हे ठरेपर्यंत या प्रश्नांची उत्तरे नीट देता येत नाहीत, औषधही नीट देता येत नाही.

डोळ्यावर अश्रूंचा जो अतिशय पातळ थर सतत पसरलेला असतो, त्यात पाण्याचा मोठा भाग अश्रुग्रंथींकडून येतो, त्यावरचे तेलाचे आवरण पापण्यांच्या कडेतील मायबोमियन ग्रंथींकडून येते आणि डोळ्याच्या पृष्ठभागाला हा थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ पृष्ठभागावरच्या पेशी तयार करतात. ढोबळमानाने कोरडेपणाचे दोन प्रकार मानले जातात: पाणीच कमी तयार होणे, आणि तयार झालेले पाणी टिकण्याआधीच उडून जाणे. दवाखान्यात येणाऱ्यांत दुसरा प्रकार अधिक दिसतो, आणि पुष्कळांत दोन्ही मिसळलेले असतात. तेल कमी पडले की थर फाटतो, उघड्या पडलेल्या कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, मज्जातंतूंना ते झोंबते, आणि मेंदू अश्रुग्रंथीला एकदम भरपूर पाणी सोडायला लावतो. हे पाणी गालावर ओघळून जाते, डोळ्यावर टिकत नाही. वाऱ्यात मोटारसायकल चालवताना ज्याच्या डोळ्यांतून धारा लागतात, त्याचा डोळा अनेकदा याच अर्थाने कोरडा असतो.

दमट हवेबद्दलचा तर्कही खोटा नाही. ओल असेल तर बाष्पीभवन खरोखरच मंदावते, आणि म्हणूनच गणपतीला गावी आलेला चाकरमानी जेव्हा ‘मुंबईला ऑफिसात डोळे जळतात, इथे आलो की दोन दिवसांत बरे वाटते’ असे सांगतो, तेव्हा तपासणीआधीच माझा कल बाष्पीभवनाच्या प्रकाराकडे झुकतो. मात्र ज्याची अश्रुग्रंथीच थकली आहे, त्याला समुद्राच्या ओलीचा फारसा लाभ होत नाही. आणि होडीवर दिवस काढणाऱ्याला ओलीबरोबर वाराही सोसावा लागतो, तो थर टिकू देत नाही.

म्हणून मी यंत्राकडे वळण्याआधी विचारपूस करतो, आणि बोलता बोलता माणूस पापण्या किती वेळा व किती पूर्ण मिटतो ते पाहून घेतो. त्रास सकाळी उठल्यावर जास्त की दिवस कलल्यावर? सकाळी जास्त असेल तर पापण्यांच्या कडांचा आजार किंवा झोपेत अर्धवट उघडे राहणारे डोळे मनात येतात, आणि हे दुसरे घरातल्या माणसालाच विचारावे लागते. जळजळ अधिक की खाज? खाज प्रमुख असेल तर ॲलर्जीचा विचार आधी करावा. सर्दीच्या गोळ्या, नैराश्यावरची औषधे, काचबिंदूचे थेंब चालू आहेत का? यांपैकी कोणतेही कोरडेपणा वाढवू शकते. आणि सुकी भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय गिळता येते का? हा प्रश्न डोळ्याच्या डॉक्टरने का विचारावा याचे रुग्णांना नवल वाटते. त्याचे कारण पुढे येईल.

तपासणीत क्रम चुकवून चालत नाही, कारण प्रत्येक चाचणी पुढच्या चाचणीसाठी डोळा थोडा बदलून ठेवते. प्रथम मी डोक्यावरचा पंखा बंद करतो. मे महिन्यात ते कोणालाच आवडत नाही, पण वाऱ्याखाली घेतलेले माप विश्वासाचे नसते. मग फ्लुरोसीन या चमकणाऱ्या रंगाची पट्टी सलाईनच्या थेंबाने ओली करून, जादा थेंब झटकून, खालच्या पापणीच्या आत अलगद टेकवतो. स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळे तपासायच्या दिव्याच्या सूक्ष्मदर्शकाच्या, निळ्या प्रकाशात सबंध डोळा हिरवट पिवळा चमकू लागतो. रुग्णाने दोन-तीनदा पापण्या मिटून मग डोळे उघडे धरले की मी सेकंद मोजू लागतो, आणि त्या चमकत्या थरात कुठेतरी पहिला काळा ठिपका उमटला की थर फाटला असे समजायचे. दहा सेकंदांच्या आत फाटला तर संशय घ्यावा, पाचच्या आत फाटला तर फारशी शंका उरत नाही. त्यानंतर रंग कुठे धरला गेला, म्हणजे पृष्ठभाग कुठे दुखावला आहे, ते पाहायचे. कॉर्नियाच्या खालच्या भागातच ठिपके असतील तर पापणी पूर्ण मिटत नसावी. वरच्या भागात उभे ओरखडे दिसले तर मी पापणी उलटून पाहतो. चिरेखाणीवरच्या कामगाराच्या पापणीत जांभ्याचा कण रुतलेला सापडतो आणि ‘कोरडेपणा’ तिथेच संपतो.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित चाचणी म्हणजे पापणीची कड बोटाने हलकेच दाबून पाहणे. तिला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि कदाचित म्हणूनच ती राहून जाते. निरोगी ग्रंथीतून उन्हाळ्यातल्या खोबरेलासारखे स्वच्छ तेल येते. बिघडलेल्या ग्रंथीतून थंडीत थिजलेल्या खोबरेलासारखे घट्ट पांढरे काहीतरी येते, किंवा काहीच येत नाही. पापण्यांना कोमट शेक देण्याचा सल्ला या प्रकारात खरा उपयोगी पडतो. इथे नुसते कृत्रिम अश्रूंचे थेंब घालत राहिल्याने घडीभर बरे वाटते, तेवढेच.

शर्मर चाचणी शेवटी. गाळण कागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते ते पाहायचे. पावसाळ्यात या पट्ट्या उघड्या ठेवल्या तर हवेतली ओल शोषतात, म्हणून पाकीट ऐनवेळीच फोडावे. पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर पाणीच कमी आहे असे मानून मी त्या भाकरीच्या प्रश्नाकडे परततो. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने 1933 मध्ये आपल्या प्रबंधात कोरड्या डोळ्यांच्या 19 स्त्रियांचे वर्णन केले, आणि त्यांतल्या 13 जणींना सांधेदुखीचा जुनाट आजार होता. शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रूंच्या व लाळेच्या ग्रंथींवर उलटण्याचा हा आजार आजही प्रामुख्याने स्त्रियांत आढळतो. तोंडाला कोरड, सांधे आखडणे आणि न भिजणारी पट्टी हे तिन्ही एकत्र दिसले की मी रक्ताच्या तपासण्या सांगतो आणि संधिवाततज्ज्ञांकडे पाठवतो, कारण तिथे डोळा ही आजाराची केवळ एक बाजू असते.

तक्रार आणि चाचण्या जुळत नाहीत असेही रुग्ण असतात. डोळ्यांत मिरची पडल्यासारखी आग, पण रंग कुठेही धरलेला नाही, थर टिकतो आहे आणि पट्टी भिजली आहे: अशा वेळी बिघाड खुद्द मज्जातंतूंत असू शकतो. कोरड्या डोळ्यांवरच्या 2017 च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने या आजाराच्या व्याख्येत मज्जातंतूंचा सहभाग जोडला. भूल देणारा एक थेंब टाकूनही आग शमली नाही, तर वेदनेचे मूळ डोळ्याच्या पृष्ठभागावर नाही असे समजावे. याउलट जुन्या मधुमेहात कॉर्निया ठिपक्यांनी भरलेला असतो आणि रुग्ण म्हणतो, काही त्रास नाही. कापसाच्या टोकाने कॉर्नियाला स्पर्श केला तरी ज्याची पापणी लवत नाही, त्या न दुखणाऱ्या डोळ्याची मला अधिक काळजी वाटते.

तपासणीला येताना त्या सकाळी डोळ्यांत कोणतेही थेंब घालू नयेत. काचबिंदूच्या थेंबांबाबत मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय खंड पाडू नये. घरात चालू असलेली सर्व औषधे, मेडिकलमधून स्वतःहून आणलेल्या लाली घालवणाऱ्या बाटल्यांसह, एका पिशवीत घालून बरोबर आणावीत.