तुम्ही विचारलंत म्हणून: विज्ञानाच्या तासाला फासे कशाला?

पालकसभेत कुणीतरी हमखास विचारतं, "बाई, हवामान बदल एवढा गंभीर विषय, आणि तुम्ही वर्गात फासे खेळवता?" तिथं घाईत उत्तर अर्धवट राहतं, म्हणून इथं नीट सांगते.

पूर्वी मी व्याख्या लिहून द्यायचे. सातवीची मुलं ती घोकायची, पेपरात उतरवायची. मग जानेवारीत थंडीची लाट आली की हात वर व्हायचा, "बाई, एवढा गारठा पडलाय, मग तापमानवाढ कुठंय?" प्रश्न रास्त होता आणि माझ्या व्याख्येत त्याचं उत्तर नव्हतं.

ते फाशात सापडलं. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सेन यांनी १९८८ मध्ये हवामानाला फाशाची उपमा दिली होती. १९५१ ते १९८० या काळात फाशाच्या दोन बाजू उष्ण, दोन सरासरी, दोन थंड. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला उष्ण बाजू चार होतील, असा त्यांचा अंदाज होता.

मी सुताराकडून दोन लाकडी ठोकळे आणून ऑइल पेंटनं तसेच रंगवले, एक जुन्या काळाचा, दुसरा चार उष्ण बाजूंचा: उष्ण लाल, सरासरी पांढरी, थंड निळी. आधी जुना फासा. तो बिस्किटाच्या डब्यात खुळखुळवायचा, एकानंच आत बघून रंग सांगायचा, दुसऱ्यानं फळ्यावर रेघ मारायची. साठ फेऱ्यांत लाल, पांढरा, निळा जवळपास सारखेच आले. दुसऱ्या दिवशी गुपचूप दुसरा फासा टाकला. पहिल्या दहा फेऱ्यांत कुणाला शंकाही आली नाही. पंचविसाव्याच्या आसपास कुजबुज सुरू झाली आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, फासा बदललात!" साठ फेऱ्या होईपर्यंत एक्केचाळीस लाल. थंडीचा प्रश्न विचारणारा मुलगा मात्र निळ्याच्या नऊ रेघा मोजत होता. "म्हणजे थंडी येणारच, पण कमी वेळा." हे वाक्य मी शिकवलेलं नव्हतं.

मग चिंचोके. ताटात साठ चिंचोके म्हणजे गावाचं भूजल, भोवती सहा शेतकरी. खेळापुरतं ज्वारीला एक, उसाला पाच. फासा लाल पडला की प्रत्येक पिकाला एक जास्त, कारण ऊन कडक तर पिकाची तहानही मोठी. पहिल्याच वर्षी सगळ्यांनी ऊस लावला, फासा लाल पडला, छत्तीस चिंचोके गेले. दुसऱ्या वर्षी ताट कोरडं. तेव्हा एका मुलीनं नव्यानं भरलेल्या ताटावर हात ठेवला, "आधी मोजू, मग पेरू." नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार हेच करतं: पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावरून पिकं ठरवतं. ते मी नंतर सांगितलं.

शेवटी तिनंच विचारलं, "फासा पुन्हा पहिल्यासारखा होईल?" मी खरं तेच सांगितलं. हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शेकडो वर्षं राहतो, लाल रंग लगेच खरवडून निघणार नाही. पाचवी बाजू लाल होते की नाही, हे पुढे कोळसा, डिझेल किती जळतं त्यावर आहे. पुढचा तास मग विजेच्या बिलावर झाला.