अबार्थ पुंटो विकायची आहे: आधी काम करावं की तशीच द्यावी?

दसऱ्यानंतरचा रविवार, ४८,३१२ किमी

पाऊस एकदाचा गेला. गेला असं म्हणायचं. रत्नागिरीत तो फराळाला पुन्हा हजर होतो. चार महिने चिऱ्याच्या शेडमध्ये झाकून ठेवलेला विंचू (अबार्थच्या चिन्हावर विंचू असतो, म्हणून गाडीला हेच नाव) बाहेर काढला. बॅटरी मेलेली, ती अपेक्षितच होती. जंपर लावून इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला, तर गाडी हलेना. क्लच जरा जास्त सोडला तेव्हा मागून 'कडक' असा आवाज आला आणि सुटली. ब्रेकचे पॅड डिस्कला धरून बसले होते. चारही चाकांना डिस्क आहेत म्हणून एरवी कौतुक करायचं, आणि खाऱ्या हवेत त्याची ही किंमत मोजायची.

गाडी विकायचं कारण साधं आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तिला या सीटवर बसता येतं पण उठता येत नाही. अंगणात दोन गाड्यांना जागा नाही. रडारड करून झाली आहे, त्यामुळे त्याबद्दल इथे लिहीत नाही.

नवीन मंडळींसाठी: ही २०१६ ची अबार्थ पुंटो. १.४ टी-जेट म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन, १३६८ सीसी, १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन मीटर. ऑक्टोबर २०१५ मध्ये आली तेव्हा दिल्ली एक्स-शोरूम ९.९५ लाख. रांजणगावात बनलेली, म्हणजे इटालियन आडनावाची पुणे जिल्ह्यातली पोर. हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, हा वाद नेहमीचाच. पाच दरवाजे आहेत, डिकीत आंब्याच्या पेट्या मावतात, कबूल. पण आंबा घाटात तिसऱ्या गिअरमध्ये टर्बो भरला की वाद घालणारे गप्प बसतात.

पुढचा शनिवार, ४८,३२० किमी

जाहिरात टाकायच्या आधी ओळखीत सांगून ठेवलं होतं, तर दोन फोन आले. साताऱ्याच्या माणसाने किंमत विचारायच्या आधी विचारलं, "टायमिंग बेल्ट झालाय का?" म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणारा पट्टा बदलला का. नाही म्हटल्यावर त्याने तिथल्या तिथे साठ हजार वजा केले. मुंबईच्या माणसाचं म्हणणं, "फुल सर्व्हिस करून ठेवा, बिल दाखवा, मग येतो." फुल म्हणजे काय, ते त्यालाही सांगता आलं नाही.

आमचे काका ओटीवर बसून हे ऐकत होते. त्यांनी आयुष्यात तीन प्रीमियर पद्मिनी गाड्या घेतल्या आणि विकल्या. ते म्हणाले, "विकायच्या म्हशीला पेंड कोण घालतो रे?" मला पटलं. मग पाच मिनिटांनी सुपारी कातरता कातरता स्वतःच म्हणाले, "पण गिऱ्हाईक समोर दूध काढून बघतंच हो."

या दुसऱ्या वाक्यावर मी अख्खी दुपार घालवली. कॅलेंडरच्या मागे आकडे मांडले. ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेक ऑइल, बेल्ट, वॉटर पंप, पुढचे शॉकअब (शॉक अब्सॉर्बर), खालच्या आर्मचे बुश, चार टायर, उजव्या दरवाज्यावरचा ओरखडा. सगळं केलं तर लाखाच्या वर जातं, आणि त्यातलं निम्मंही किमतीत परत येत नाही. काहीच केलं नाही तर साताऱ्याचे साठ हजार आहेतच. म्हणून प्रत्येक कामासमोर एकच प्रश्न लिहिला: हे काम झालंय हे परक्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल का?

शॉकअब: ज्याला अबार्थच हवी आहे तो आपल्या आवडीचे घालणार. माझ्या पसंतीचे मी कशाला घालू? बाद. टायर: नक्षी छान शिल्लक आहे, पण बाजूवरचा आकडा २२१८ आहे, म्हणजे २०१८ सालचा बाविसावा आठवडा. रबर कडक झालंय. नवीन घालण्यापेक्षा आकड्याचा फोटोच जाहिरातीत टाकायचा आणि किंमत कमी सांगायची. ओरखडा: हात लावायचा नाही. एक दरवाजा रंगवला की बघणारा उरलेल्या तीन दरवाज्यांवरही रंगाची जाडी मोजतो, आणि अपघात शोधत बसतो.

बेल्टचं मात्र वेगळं आहे. बेल्ट रबराचा, किलोमीटर कमी असले तरी वय कोणासाठी थांबत नाही. हा कंपनीतून आलेलाच बेल्ट, नऊ वर्षं झाली. या इंजिनमध्ये तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नसतं. घेणारा घाबरतो ते उगीच नाही. आणि घाबरलेला माणूस बेल्टच्या खर्चाएवढेच पैसे कापत नाही, हेडच्या खर्चाएवढे कापतो. मिस्त्रींनी किट, पंप, कूलंट, मजुरी मिळून बावीस हजार सांगितले.

ब्रेक ऑइलही करायचं ठरवलं. यातलं डॉट ४ प्रकारचं ऑइल हवेतली ओल शोषतं, उकळण्याचा बिंदू खाली येतो, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा कमी अन् पाणीच जास्त असतं. गिऱ्हाईक ट्रायल घेणार ते घाटातच. तिथे पेडल मऊ लागलं तर पुढचं बोलणंच नको.

दिवाळीच्या आधीचा गुरुवार, ४८,३४१ किमी

बेल्ट काढल्यावर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) हलू नयेत म्हणून ते लॉक करायच्या पिना कोल्हापूरच्या एका पुंटोवाल्या मित्राने एसटीच्या पार्सलने पाठवल्या. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, आपल्या गाडीवाल्यांचं बिऱ्हाड एसटीच्या टपावर.

हातखंब्याच्या मिस्त्रींकडे सकाळी आठला गाडी लावली. उजवं चाक आणि आतलं लायनर काढलं. ऑइल पॅनखाली फळी ठेवून जॅकने इंजिन तोललं, उजव्या बाजूचं माउंटिंग मोकळं केलं. मग मिस्त्रींनी पुलीवर खुणा मारायला खिशातून व्हाइटनरची बाटली काढली.

"दादा, खुणा नकोत. पिना आणल्यात."

"सर, खुणा मारून शेकड्याने बेल्ट घातलेत मी. एकही परत आला नाही."

"याच्या कॅमची पुली खाचेत बसलेली नसते. बोल्ट सैल केला की मोकळी फिरते. खूण पुलीवर राहील आणि कॅम भलतीकडे."

त्यांनी बोल्ट बघितला, पुली बघितली, बाटली परत खिशात ठेवली. "आणा इकडे," एवढंच म्हणाले. चांगल्या मिस्त्रीची ही खूण मी मानतो.

जुना बेल्ट हातात आला तेव्हा मीही जरा गप्प झालो. दाताच्या बाजूने ठीक होता. पाठीवरची अक्षरं पार पुसलेली, आणि उलटा वाकवला की आडव्या बारीक रेघा उघडत होत्या, उन्हाळ्यात तळं आटल्यावर चिखल तडकतो तशा. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरची पुली बोटाने फिरवली तर ती एक-दोन फेऱ्यांत थांबायला हवी, ती सुकी घरघरत फिरतच राहिली, ग्रीस संपलेलं. वॉटर पंपाच्या भोकाखाली गुलाबीसर पांढरा ओघळ वाळलेला होता. म्हणजे पंप गळायला लागला होता आणि टाकीत मी वर्षभर "जरासं कमी झालंय" म्हणून भर घालत होतो. हा पंप बेल्टवरच चालतो, त्यामुळे तो अडकला असता तर बेल्टला घेऊनच गेला असता. विकायचं निमित्त नसतं तर मी हे कधी उघडलं असतं, याचं उत्तर मला आवडणारं नाही.

नवीन बेल्ट चढवून, टेन्शनर लावून, पिना काढून मिस्त्रींनी पान्याने क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला. मग पिना परत घातल्या. दोन्ही अलगद बसल्या. ज्यांना हे घरी करायचंय त्यांनी एवढं कधीही टाळू नका. चूक असेल तर ती हाताला कळते, स्टार्टरला कळून उपयोग नाही.

एक काम राहतं ते बहुतेक जण विसरतात. बेल्ट बदलल्यावर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, फोनिक व्हील (क्रँकची जागा सांगणारी दातेरी चकती) पुन्हा शिकवावं लागतं. लॅपटॉपवर मल्टीईसीयूस्कॅन हे सॉफ्टवेअर लावायचं, इंजिन गरम करायचं, मोकळ्या रस्त्यावर खालच्या गिअरमध्ये आरपीएम वर न्यायचे आणि पाय पूर्ण सोडून द्यायचा. असं काही वेळा केलं की स्क्रीनवरचा 'नाही' चा 'हो' होतो. हे राहिलं तर काही दिवसांनी मिसफायरचा दिवा लागतो, आणि तोही नेमका गिऱ्हाइकासमोर. पहाटे साडेपाचला पालीच्या बाजूला हायवेवर करून आलो. शेजारी लॅपटॉप सांभाळायला भाचा होता, तो उलटीच्या बेतात.

जुना बेल्ट, टेन्शनर, पंप, सगळं रिकाम्या आंब्याच्या पेटीत घालून ठेवलं. बिल वर.

भाऊबीजेनंतर, ४८,४०६ किमी

ऑइल-फिल्टर (५डब्ल्यू-४० सिंथेटिक) घरी केलं. ब्रेक ऑइल पाडव्याला भाच्याला पेडलवर बसवून. निघालं ते कोऱ्या चहासारखं.

आता एका सल्ल्याबद्दल. तिघांनी वेगवेगळं सांगितलं की गाडीला खालून काळं कोटिंग मारून घे, स्वस्तात होतं, उठून दिसतं. नेमकं म्हणूनच नको! समुद्रापासून दोन किलोमीटरवरची गाडी, आणि विकायच्या आठवड्यात तिचं पोट काळंकुळकुळीत? मी घेणारा असतो तर तिथूनच मागे फिरलो असतो. कोटिंग गाडी घेतल्याबरोबर मारायचं असतं. गंजावर मारलं तर ओल आतच राहते आणि काम आतून चालू राहतं. मी फक्त गोड्या पाण्याने खालून तीनदा धुतली, दोन दिवस उन्हात ठेवली, आणि गंज आहे तसा टॉर्च लावून फोटो काढले: मागचा बीम, एक्झॉस्टच्या फ्लँजचे बोल्ट, हीट शील्डची कड. वरवरचा आहे, पापुद्रे नाहीत. पण आहे.

कागदांचं थोडक्यात. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म काढून ठेवलेत. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, ते घेणाऱ्याच्या भरवशावर सोडू नका. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, आपला असतो. तो पुढच्या गाडीला मागून घ्या. फास्टॅग बंद करायला विसरलात तर त्याचे टोल तुमच्या खात्यातून. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाट्या आधीच झाल्यात.

कालचा रविवार, ४८,४३१ किमी

कोल्हापूरहून दोघं भाऊ आले, आंबा घाट उतरून. धाकट्याने आल्या आल्या पायपोस मागितलं, अंगणात अंथरलं आणि सरळ गाडीखाली गेला. दहा मिनिटं नुसते पाय दिसत होते. काका ओटीवरून बघत होते, म्हणाले, "हे गिऱ्हाईक दूध काढणारं आहे."

बाहेर आल्यावर पहिला प्रश्न, "खालून कोटिंग नाही केलं?" नाही म्हटलं. "बरं झालं," म्हणाला. पेटीतला बेल्ट त्याने उलटा वाकवून बघितला, मग भावाला वाकवून दाखवला. बिल शेवटी बघितलं, तेही तारखेपुरतं. टायरचा आकडा माहीत होता, त्यावर एक शब्द नाही.

ट्रायलला निवळीचा घाट करून आलो. इंजिनवर बोट ठेवायला जागा मिळाली नाही. पण परत आल्यावर त्याने हात मागच्या डाव्या चाकाजवळ नेला, मग उजव्या. डावं बऱ्यापैकी गरम होतं. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, पूर्ण सुटत नाही. म्हणजे दसऱ्याला जो 'कडक' आवाज ऐकला आणि पॅड सुटले म्हणून विसरून गेलो, तो हाच. दहा ओळींच्या माझ्या यादीत कॅलिपर नव्हताच.

माझ्या आकड्यापेक्षा त्याने पंचवीस हजार कमी सांगितले. त्यातले कॅलिपरचे किती आणि घासाघिशीचे किती, हे मी विचारलं. "अर्धे-अर्धे," म्हणाला, आणि हसला. मी बुधवारी फोन करतो म्हटलं.

रबराचं किट मिळालं तर कॅलिपर उद्या संध्याकाळी खोलतो. पिस्टनलाच गंजाचे खड्डे पडले असतील तर अख्खा लागेल. कोणाकडे मागचा डावा पडून असेल तर सांगा, एसटीने पाठवा.