पो मात्यूर

मे महिन्यातली दुपार, लाइट गेलेली, फ्रिज नाहीतरी बंदच आहे तर पुसून टाकू म्हणून दारातले कप्पे काढले, तर अंड्यांच्या खणात (आमच्याकडे अंडी येत नाहीत, तिथे लिंबं, इनोच्या पुड्या आणि विरजणाची वाटी असते) त्या सगळ्याच्या मागे क्रीमची एक पांढरी ट्यूब. पॅरिसची. सीलसकट. मागच्या सप्टेंबरात आणलेली, आणि मी समजत होते की ती वन्संना देऊन टाकली.

मग वन्संना काय दिलं? जाऊ दे.

लेकीकडे गेलो होतो तेव्हाची ही खरेदी. निघायच्या आधी भिशीत नुसतं बोलले की पॅरिसला चाललेय, तर आयफेल टॉवरचं नाव कोणी काढलं नाही, सगळ्यांनी याद्याच पाठवल्या, त्यात एकीचा तर फोटोच, रिकामी बाटली बाथरूमच्या फरशीवर ठेवून काढलेला, 'हीच आण, टोपण गुलाबी पाहिजे'. यादीतली ही सगळी क्रीमं तिकडे औषधाच्या दुकानात मिळतात. बाहेर हिरव्या दिव्यांचा क्रॉस लुकलुकत असतो, गल्लोगल्ली. आम्ही गेलो ते सिटीफार्मा म्हणून सॅं जर्मेन भागातलं दुकान, स्वस्त म्हणून जगभरातले लोकं तिथे येतात आणि गर्दी अशी की मला एकदम घरच्यासारखं वाटलं, दिवाळीच्या आधीचा आमच्या इंदूरचा शीतलामाता बाजार. फक्त 'दीदी इधर आओ' म्हणणारं कोणी नाही.

तिथे पांढऱ्या कोटातली एक मुलगी आली, माझ्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, पो मात्यूर. पोहे ऐकू आले मला, खरंच सांगते, आठ दिवस झाले होते घर सोडून. लेक हसत सुटली. पो म्हणजे त्वचा गं आई. मॅच्युअर स्किन.

आता हे मराठीत काय म्हणायचं? प्रौढ त्वचा म्हटलं की कंदील घेऊन साक्षरता वर्गाला निघाल्यासारखं वाटतं. परिपक्व म्हटलं तर पपई. आमच्या पार्लरवाली सरळ म्हणते, 'मैडम अब उमर दिखने लगी है', त्यात निदान भानगड नाही. पण मला ते मात्यूर आवडलं. इतकी वर्षं चेहऱ्याला कोणी समजूतदार म्हटलं नव्हतं.

मग तिने माझा डावा हात घेतला, पालथा केला आणि मागे टेस्टरमधलं क्रीम चोळलं, हळूहळू, गोल गोल, बोटांच्या पेरांनी, आणि चोळून झाल्यावर कातडी दोन बोटांत धरून किंचित उचलून सोडली, आणि मी त्या दुकानात उभ्या उभ्या रामबागेत पोचले.

रामबागेतलं आजोळ. चौकात थंडीतलं ऊन, तिथे पाटावर आजी बसलेली आणि आम्ही पोरं तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून वर उचलायचो. सोडली की ती तंबूसारखी उभी राहायची, लगेच बसायची नाही, आणि आम्ही मोजायचो, एक, दोन, तीन. थंडीत सातपर्यंत जायची. मग आपल्या हातावर करून बघायचं, आपली 'ए' म्हणेपर्यंतच सपाट. सगळ्यांत जास्त आकडा आणेल तो जिंकला आणि जिंकायची नेहमी आजीच, तिला त्याचं काही नव्हतं, ती दुसऱ्या हाताने तांदूळ निवडत असायची.

आजी सगळ्या क्रीमला स्नो म्हणायची. पॉन्ड्स असो की नीवियाची निळी डबी, स्नोच. तिच्या आधीच्या जमान्यात मुंबईच्या पाटणवालांचा अफगाण स्नो निघाला होता, 1919 साली, तो शब्द तिच्या डोक्यात पक्का बसला होता. स्वतः तिने कधी स्नो लावला नाही. पोळ्या झाल्या की बोटांना राहिलेलं तूप मात्र ती दोन्ही कोपरांना पुसायची, मग मनगटांना, आणि उरलंच तर टाचांना, आणि एवढं करून म्हणायची की मी काही लावत नाही बाई. आम्हाला दिवाळीत साय आणि डाळीचं पीठ, तेही खसाखसा, त्यात त्वचेची काळजी कमी आणि मळाचा राग जास्त.

हां तर दुकान. यादी संपली तेव्हा बेरीज झाली 94 युरो. लेक म्हणाली, 100 च्या वर गेलं तर टॅक्स परत मिळतो, पण तो तुला, मला नाही, मी इथे राहते. तिकडे यावर हा टॅक्स, म्हणजे व्हॅट, 20 टक्के, त्यातले हातात येतात साधारण दहा-बारा टक्के, म्हणजे बारा युरोच्या आत-बाहेर, आणि त्यासाठी मी अजून पंधरा युरोचं सामान घेतलं. ही ट्यूब त्यातलीच. हे बाहेर फुटपाथवर उभे राहून युरोला शंभराने गुणत होते.

त्याच भरात पाण्याचा स्प्रेही घेतला. अव्हेन म्हणून गाव आहे तिकडे दक्षिणेत, तिथल्या झऱ्याचं पाणी डब्यात भरतात, दुसरं काहीच नाही, पाणीच. तोंडावर मारायचं. हे म्हणाले, आपल्याकडे नर्मदा जलूदहून 70 किलोमीटर डोंगर चढून नळाला येते, तिचा कधी एवढा मान ठेवलास का. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

एअरपोर्टवर टॅक्सवाल्या मशीनचं नाव पाब्लो, बॅगा द्यायच्या आधी त्याच्यासमोर कागद धरायचा, ते नीट झालं. पुढे सिक्युरिटीत माझा स्प्रे गेला. डबा 150 मिलीचा, आत पाणी राहिलं होतं चार थेंब, मी हलवून दाखवला, पण ते आत किती आहे बघत नाहीत, डबा किती मोठा आहे ते बघतात. 100 मिली म्हणजे 100 मिली. गुलाबी टोपणवाली अर्धा लिटरची मात्र मोठ्या बॅगेत, तीन साड्यांमध्ये गुंडाळून, सुखरूप आली.

इथे आल्यावर रेटिनॉलची, म्हणजे सुरकुत्यांवरच्या क्रीमची, ट्यूब उघडली. रात्री वाटाण्याएवढं लावायचं, तेही आठवड्यातून दोनदा, असं लेकीने बजावलं होतं. वाटाण्याएवढ्याने काय होतं! मी सायीसारखं थापलं, रोज. पाचव्या दिवशी चेहरा लाल, सालपटं निघायला लागली, भाजीवाली म्हणाली, क्या हुआ माताजी, तेल उड़ा क्या. एवढं करून स्किनच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या की उन्हापासून जपा, बाकी सगळं नंतर. म्हणजे आपल्या पोरी स्कूटीवर डाकूसारखा दुपट्टा बांधून फिरतात त्यांना आपण उगाच हसतो.

आणि ही दुसरी ट्यूब तशीच राहिली कारण तिच्या मागे झाकण उघड्या डबीचं एक छोटं चित्र आहे, त्यात लिहिलंय 12एम. उघडल्यापासून बारा महिने. आता अशी वस्तू उघडवते का? चांगली साडी, चांगला कपबशीचा सेट, सगळ्याचं आमच्याकडे हेच होतं. उघडलं नाही तोवर महिने मोजायला लागत नाहीत.

लाइट अजून आली नाही. पंखा बंद, ट्यूब मांडीवर, लिंबं फरशीवर. डावा हात पालथा केला, कातडी चिमटीत धरली आणि सोडली.

चार.

नाही, चार नसेल, उन्हाळ्यात पाणी कमी जातं पोटात, आणि मी जरा भरभर मोजते. पाणी पिऊन परत बघते.