उभी बाटली, आडवी बाटली आणि दारावरचा निळा कागद

गेल्या वर्षी सलग २८ दिवस इंग्लंडमधील आमच्या उपाहारगृहाच्या दर्शनी काचेवर फिकट निळ्या रंगाचा एक कागद लावलेला होता. जेवणासोबत बिअर आणि वाइन देण्याचा परवाना आम्ही स्थानिक काउन्सिलकडे, म्हणजे येथील नगरपालिकेकडे, मागितला आहे, कोणाची हरकत असल्यास ती अमुक तारखेपर्यंत लेखी कळवावी, असे त्यावर काळ्या ठळक अक्षरांत छापले होते. कागद निळाच असावा, किमान ए-फोर आकाराचा असावा आणि रस्त्यावरून चालणाऱ्याला तो सहज वाचता यावा, हे येथील नियमांतच लिहिलेले आहे. सकाळी शटर उघडताना तो कागद डोळ्यांसमोर आला की मला दरवेळी सातारा जिल्ह्यातील आमचे गाव आठवत असे, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात उन्हात उभी असलेली बायकांची रांग आठवत असे.

त्या रांगेत माझी आई होती. गावातील देशी दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून महिलांनी मतदान मागितले होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे होती, एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. दुकान चालू राहावे असे वाटणाऱ्यांनी उभ्या बाटलीवर शिक्का मारायचा आणि बंद व्हावे असे वाटणाऱ्यांनी आडव्या बाटलीवर. माझे धाकटे काका दारूपायी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी गेले, त्यामुळे आमच्या घरातील कोणत्याही बाईला कोणत्या चित्रावर शिक्का मारायचा याचा विचार करावा लागला नाही. त्याच घरातली मुलगी इंग्लंडमधील एका मध्यम आकाराच्या शहरात मद्यविक्रीचा परवाना मागते आहे, हे आईला फोनवर सांगायला मला तीन आठवडे लागले.

परवाना का हवा होता, ते आधी सांगते. आमचे उपाहारगृह २४ खुर्च्यांचे आहे. थालीपीठ, मिसळ, भरली वांगी, शनिवार-रविवारी कोंबडीचा रस्सा आणि वडे, असा आमचा बेत असतो. येथील गिऱ्हाईक रात्रीच्या जेवणासोबत एखादा ग्लास मागते आणि तो मिळत नाही म्हटल्यावर पुढच्या वेळी दुसरीकडे जाते. पहिली दोन वर्षे लोक स्वतःची बाटली घेऊन येत. आपण मद्य विकत नसू तर त्याला येथे परवाना लागत नाही, आणि दोन दुकाने सोडून असलेल्या दुकानातून बाटली आणणे त्यांना सोपे होते. परंतु अशा वेळी कोण किती पितो यावर आमचे काहीच नियंत्रण राहत नसे. माझ्या यजमानांचे म्हणणे असे होते की, मद्य टेबलावर येणारच असेल तर ते आपल्या हातून, मोजून आणि हिशेबाने यावे. मला ते पटले, पण सहज पटले नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये हे सर्व २००३ च्या परवाना कायद्याखाली चालते. तो नोव्हेंबर २००५ मध्ये पूर्णपणे अमलात आला. त्यापूर्वी मद्याचे परवाने मॅजिस्ट्रेट देत असत. नव्या कायद्याने ते काम निवडून आलेल्या स्थानिक काउन्सिलकडे सोपवले. परवाने दोन प्रकारचे असतात. एक व्यक्तीचा, त्यासाठी छोटा अभ्यासक्रम, बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा, पोलिसांकडील नोंदींचा दाखला आणि ३७ पौंड शुल्क. दुसरा जागेचा, ज्याचे शुल्क त्या जागेच्या करमूल्यावर ठरते. आमच्या गटातील जागेसाठी अर्जाला १९० पौंड आणि त्यानंतर दरवर्षी १८० पौंड असा दर आहे. हे दर २००५ पासून बदललेले नाहीत. अर्जाच्या शुल्कापेक्षा स्थानिक वर्तमानपत्रात दिलेल्या सक्तीच्या जाहिरातीचा खर्च आम्हाला जास्त आला. पबच्या मोठ्या साखळ्यांसाठी हा खर्च नगण्य असतो आणि त्यांच्याकडून बोलायला वकील असतात. आम्ही अर्ज स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, रात्री भांडी घासून झाल्यावर भरला.

अर्ज दाखल झाल्यावर पोलीस, अग्निशमन दल, पर्यावरण आरोग्य विभाग, बालसंरक्षण, सार्वजनिक आरोग्य संचालक अशा अनेक यंत्रणांना तो पाहता येतो, आणि कोणाही नागरिकाला हरकत घेता येते. हरकत मात्र चारच मुद्द्यांना धरून असावी लागते: गुन्हे व गोंधळ रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव रोखणे आणि मुलांचे संरक्षण. कोणाचीच हरकत आली नाही तर काउन्सिलला परवाना द्यावाच लागतो. संबंधित हरकत आली आणि ती आपसांत मिटली नाही, तर तीन नगरसेवकांच्या उपसमितीपुढे सुनावणी होते.

पोलिसांनी आमच्याशी ईमेलवर बोलून काही अटी सुचवल्या आणि आम्ही त्या मान्य केल्या. मद्य फक्त खुर्चीवर बसून जेवणाऱ्यालाच द्यायचे, कॅमेऱ्याचे चित्रण ३१ दिवस जपून ठेवायचे, आणि २५ वर्षांपेक्षा लहान दिसणाऱ्या प्रत्येकाकडे वयाचा पुरावा मागायचा, अशा त्या अटी होत्या. त्यानंतर दोन पत्रे आली. दोघांचीही नावे आणि पत्ते आम्हाला कळवण्यात आले, कारण निनावी हरकतीला येथे सहसा थारा नसतो.

पहिले पत्र आमच्या मागच्या इमारतीत एकट्या राहणाऱ्या एका वृद्ध बाईंचे होते. त्यांच्या झोपण्याच्या खोलीची खिडकी आमच्या मागील अंगणावर उघडते. अंगणात आमची चार टेबले असतात. त्यांनी अत्यंत नेमकेपणाने लिहिले होते: उन्हाळ्यात रात्री साडेनऊनंतर कोणत्या दिवशी बोलण्याचा आवाज किती वाजेपर्यंत आला, आणि रिकाम्या बाटल्या काच टाकायच्या डब्यात ओतल्याचा आवाज किती वाजता झाला. बाटल्यांचा तो आवाज आमचाच होता. पाहुण्यांनी आणलेल्या बाटल्या आवरताना, रात्री अकराच्या सुमारास, मीच त्या डब्यात टाकत असे. एवढा आवाज वर जातो हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते. त्या पत्राने मला लाज वाटली आणि मी दुसऱ्याच दिवसापासून बाटल्या सकाळी टाकू लागले.

दुसरे पत्र जवळच राहणाऱ्या एका गृहस्थांचे होते. आपल्या रस्त्यावर मद्य मिळण्याची ठिकाणे आधीच पुष्कळ आहेत, बसथांब्यावर भर दुपारी पिऊन बसलेली माणसे दिसतात, मग आणखी एका परवान्याची गरज काय, असे त्यांनी विचारले होते.

सुनावणी टाउन हॉलमधील एका साध्या खोलीत झाली. तीन नगरसेवक, त्यांचा कायदेशीर सल्लागार, परवाना अधिकारी, आम्ही दोघे आणि हरकत घेणारे दोघे, एवढीच माणसे होती. अधिकाऱ्यांनी अहवाल वाचला, आम्ही आमचे म्हणणे मांडले, नगरसेवकांनी प्रश्न विचारले. अंगणाचा नकाशा टेबलावर पसरून, खिडकी नेमकी कोणत्या टेबलाच्या वर येते, हे त्यांनी त्या बाईंकडून बोट ठेवून समजून घेतले. एका नगरसेविकेने मला विचारले की, अंगण नऊ वाजता बंद केले तर तुमच्या व्यवसायाचे किती नुकसान होईल. हा प्रश्न कोणी मला विचारेल अशी मी अपेक्षाच केली नव्हती. सुमारे तासभर हे चालले आणि त्यानंतर ते तिघे निर्णयासाठी वेगळ्या खोलीत गेले.

परवाना मिळाला. आत मद्यविक्री रात्री साडेदहापर्यंत, आम्ही मागितलेल्या अकरापर्यंत नाही. अंगण रात्री नऊला रिकामे करायचे. रात्री नऊ ते सकाळी आठ या वेळात काच डब्यात टाकायची नाही. बाहेर पडताना शांतता राखा, अशी पाटी दारापाशी लावायची. या अटी परवान्यावर छापलेल्या असतात आणि त्या मोडणे हा गुन्हा आहे. पुढे कधी त्रास झाला तर त्या बाई परवान्याच्या फेरविचाराची मागणी करू शकतात, आणि निर्णय मान्य नसल्यास आम्हाला किंवा त्यांना २१ दिवसांत मॅजिस्ट्रेटच्या न्यायालयात अपील करता आले असते. कोणीच केले नाही.

त्या रात्री मी बराच वेळ आमच्या गावच्या मतदानाचा विचार करत होते. महाराष्ट्रात परवाना देण्याचे काम जिल्हाधिकारी आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचे. ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या हाती ते नाही. दुकान नको असेल तर २००८ च्या आदेशानुसार किमान २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी करायची, सह्यांची पडताळणी व्हायची, मग गुप्त मतदान, आणि यादीतील एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तरच दुकान बंद. येथे अट यादीतील मतदारांची आहे, मतदानाला आलेल्यांची नाही. मतदान महिलांचे असेल आणि यादीत ६०० बायकांची नावे असतील तर किमान ३०१ शिक्के आडव्या बाटलीवर हवेत. लग्न होऊन परगावी गेलेल्या, पुण्या-मुंबईला कामाला असलेल्या, किंवा वारलेल्या पण यादीतून नाव न निघालेल्या बायका आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या गेल्यासारखे होते. आमच्या गावात नेमके हेच झाले. मतदानाला आलेल्या बायकांपैकी बहुतेकींनी आडवी बाटली निवडली, तरी यादीचा निम्मा आकडा गाठता आला नाही आणि दुकान चालू राहिले. आई घरी आली, पदराने तोंड पुसले आणि चुलीपाशी बसली. त्या दिवशी ती कोणाशी फारसे बोलली नाही.

आज मागे वळून पाहताना मला दिसते की, त्या मतपत्रिकेवर दोनच चित्रे होती हीच खरी अडचण होती. दुकान शाळेच्या वाटेवरून हलवा, बाजाराच्या दिवशी संध्याकाळी सातला बंद करा, उधारीवर देऊ नका, अल्पवयीन मुलाच्या हाती बाटली देऊ नका आणि दिल्यास परवाना जाईल, यांपैकी काहीही मागण्याची सोय त्या चित्रांत नव्हती. काही नियम कायद्याच्या पुस्तकात आहेतच, परंतु गावातल्या बाईने उभे राहून ते या दुकानाला, या वाटेवर, या वेळेसाठी लावून घ्यावेत, अशी जागा कुठेच नाही. बंद किंवा चालू, एवढेच. आणि एकट्या बाईची तक्रार तर हिशेबातच नाही. येथे एका बाईच्या एका पत्रासाठी तीन लोकप्रतिनिधी तासभर बसले. गावात एका बाईला आधी शंभर-दीडशे सह्या गोळा कराव्या लागतात, आणि त्या गोळा करताना दुकानदाराच्या माणसांच्या नजरा झेलाव्या लागतात.

मात्र इंग्लंडच्या पद्धतीने माझे पूर्ण समाधान झालेले नाही, आणि याचे कारण ते दुसरे पत्र आहे. गरज आहे का, हा त्या गृहस्थांचा प्रश्न उपसमितीने विचारात घेतला नाही, कारण येथील कायद्यात तो विचारात घेण्याजोगा मुद्दाच नाही. बाजारात आणखी एका दुकानाला जागा आहे की नाही, हे परवाना देणाऱ्याने पाहायचे नसते. एखाद्या भागात परवाने एकवटल्यामुळे उपद्रव होत असल्याचा पुरावा गोळा करून काउन्सिलने तसे धोरण जाहीर केलेले असेल तर गोष्ट वेगळी. २०१८ पासून अशा धोरणाला कायद्यातच स्थान आहे. आमच्या रस्त्यासाठी तसे धोरण नव्हते. सार्वजनिक आरोग्य संचालकांना हरकत घेता येते, पण आरोग्य हा चार मुद्द्यांपैकी एक नाही, म्हणजे हरकत घ्यायची ती गुन्हे किंवा उपद्रव यांच्या आडून. स्कॉटलंडच्या कायद्यात आरोग्याचे संरक्षण हा पाचवा मुद्दा स्वतंत्रपणे आहे आणि तेथील परवाना मंडळांना, एखाद्या भागात परवाने गरजेपेक्षा जास्त झाले आहेत का, याचा विचार करावा लागतो. मला तीच रीत अधिक न्याय्य वाटते, जरी तिच्यामुळे उद्या आमच्यासारख्याच एखाद्या छोट्या उपाहारगृहाचा अर्ज फेटाळला गेला तरी.

कारण त्या गृहस्थांचा प्रश्न हाच माझ्या आईचा प्रश्न होता. हे दुकान आपल्याला हवे आहे का, असे गावाने स्वतःला विचारावे, एवढेच तिला हवे होते. आमच्या गावाने निदान तो प्रश्न विचारला, पण उत्तर मोजताना गैरहजर बायकांची नावे धरली. येथे मोजमाप चोख आहे, पण तो प्रश्न मुळात विचारता येत नाही. महाराष्ट्रात आलेल्या मतांच्या बहुमताने निकाल व्हावा, आणि दुकान चालू राहणार असेल तेव्हाही ग्रामसभेला किंवा प्रभागाला वेळ, जागा आणि विक्रीच्या अटी ठरवून घेता याव्यात, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी वकील लागू नयेत आणि ज्याचे दुकान आहे त्यालाही त्याच खोलीत, त्याच टेबलापाशी बोलता यावे.

सुनावणीनंतर एका रविवारी मी मागच्या इमारतीत जाऊन त्या बाईंना भेटले, सोबत थोडे बेसनाचे लाडू नेले होते. त्यांनी ते घेतले, आणि मग मला आत बोलावून ती खिडकी दाखवली. खिडकीतून खाली पाहिले तर आमचा काचेचा डबा अगदी हाताच्या अंतरावर असल्यासारखा दिसत होता. यजमानांनी त्याच आठवड्यात तो डबा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीआड हलवला. तशी अट परवान्यात नाही.

आईला मी शेवटी सर्व सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने एकच गोष्ट विचारली, जो जास्त पितो त्याला तू नाही म्हणतेस का. येथील कायद्याने मद्यधुंद माणसाला मद्य विकणे हा गुन्हाच आहे, हे मी तिला सांगितले. कायद्याचे नाही विचारत, तू म्हणतेस का ते विचारते, असे ती म्हणाली. त्यानंतरच्या चार महिन्यांत मला तीनदा तसे म्हणावे लागले, आणि तिन्ही वेळची नोंद तारखेसह गल्ल्याखालच्या वहीत आहे.