तिसऱ्या फेरीत हात खाली का येतात

बॉक्सिंगमध्ये पहिल्यांदा स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराबरोबरच्या सराव-लढतीला, उभी राहिले तेव्हा माझे पाय थकले नव्हते आणि दमही पुरेसा शिल्लक होता, तरीही तिसऱ्या फेरीच्या मध्यावर दोन्ही हात खांद्यापासून असे भरून आले की, हनुवटीपाशी असायला हवा असलेला उजवा हात छातीपर्यंत कधी घसरला ते मला कळलेच नाही. नंतर त्या सरावाचे चित्रीकरण पाहिले. पहिल्या फेरीत प्रत्येक जॅबनंतर (पुढच्या हाताच्या सरळ ठोशानंतर) गालाला टेकणारा डावा ग्लोव्ह दुसऱ्या फेरीत खांद्याच्या उंचीवर परतत होता आणि तिसऱ्या फेरीत तर बरगड्यांपाशीच रेंगाळत होता. त्यानंतर दीड वर्ष मी हातांच्या दमावर जे काम केले त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे: हात लवकर थकतात ते बहुतेक वेळा दुबळे असतात म्हणून नव्हे, तर ठोसा मारत नसतानाही आपण ते आवळून धरतो म्हणून.

गार्ड, म्हणजे बचावासाठी चेहऱ्यापुढे धरलेले हात, वर ठेवण्याचे काम मुख्यतः खांद्याच्या पुढच्या भागातला डेल्टॉइड आणि मानेपासून पाठीपर्यंत पसरलेला ट्रॅपिझियस हे स्नायू करतात. स्नायू सलग ताठ राहिला की त्याच्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त पुरेसे पोहोचत नाही आणि जळजळ सुरू होते. तोच स्नायू दोन ठोशांच्या मधल्या क्षणात सैल सुटला, तर त्याला तेवढ्यातही थोडा श्वास मिळतो. मूठ पूर्ण आवळायची ती ठोसा लागण्याच्या क्षणी, त्याआधी ग्लोव्हच्या आत बोटे नुसती मिटलेली असावीत. मूठ करकचून आवळून हात वेगाने पुढे फेकून पाहा आणि मग तीच कृती सैल मुठीने करा. पहिल्या वेळी कोपरापासून खांद्यापर्यंतचा सगळा हात जणू स्वतःलाच मागे ओढत असतो, हे लगेच जाणवेल. श्वासाचेही तसेच आहे. ठोशाबरोबर नाकातोंडातून लहानसा उच्छ्वास सुटला नाही, तर छाती आणि खांदे दोन्ही कडक होतात.

बळ आणि दमसास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ३० ऑक्टोबर १९७४ रोजी तेव्हाच्या झाईरमधील किन्शासा येथे झालेल्या अली–फोरमन लढतीत सगळ्या जगाने पाहिले. जॉर्ज फोरमनच्या ठोशांची त्या काळी धास्ती होती, पण दोरांना टेकून बचाव करणाऱ्या महंमद अलीवर त्याने फेरीमागून फेरी पूर्ण ताकदीने प्रहार केले आणि आठव्या फेरीत तो चीतपट झाला, तेव्हा त्याच्या हातांत फारसे काही उरले नव्हते. हुकलेला ठोसा तर लागलेल्या ठोशापेक्षाही महाग पडतो, कारण समोर काहीच न अडल्याने वेगात गेलेला हात स्वतःच्याच स्नायूंना थांबवावा लागतो.

माझ्या सरावाचा गाभा साधा आहे: तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती. पंचिंग बॅगवरच्या प्रत्येक फेरीच्या शेवटी हलके, सलग, सरळ ठोसे. सुरुवात दहा सेकंदांपासून केली आणि तीस सेकंदांपर्यंत यायला मला जवळजवळ चार महिने लागले. येथे जोर नव्हे, परतीचा हात मोजायचा असतो. ग्लोव्ह गालाला टेकला नाही की तो ठोसा मी धरत नाही, आणि सलग तीन ठोसे असे गेले की थांबते, कारण थकलेल्या हाताने त्यापुढे केलेला सराव हात खाली ठेवण्याचीच सवय लावतो. बॅगसाठी सोळा औंसांचे, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅमचे ग्लोव्हज वापरले, तर तेवढ्यानेही खांद्यांना पुरेसे काम मिळते.

डंबेल घेऊन शॅडो बॉक्सिंग, म्हणजे समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारण्याचा सराव, करण्याबद्दल मात्र सावध राहावे. वजन हाताला खाली खेचते आणि ठोसा पुढे जातो, त्यामुळे हा व्यायाम हात उचलून धरण्याचा असतो, ठोशाचा वेग वाढवण्याचा नव्हे. अर्धा किलो पुरे, हालचाल संथ असावी आणि कोपर झटक्याने सरळ होऊ देऊ नये. त्याऐवजी जोर मारताना वर आल्यावर खांद्याची पाती आणखी थोडी पुढे ढकलावीत. ठोसा पुढे नेताना हेच काम करणारा बरगड्यांवरचा सेरेटस स्नायू त्याने तयार होतो. हात परत आणण्यासाठी पाठ लागते, म्हणून पुल-अप्स किंवा ओढण्याचा कोणताही व्यायाम हवाच. हे सारे मी आठवड्यातून दोनदा करते, मध्ये किमान एक दिवस सोडून. स्नायूतली जळजळ चालेल, पण सांध्याच्या आत टोचल्यासारखे दुखले तर त्या दिवशी तिथेच थांबावे.

सध्या माझे अडते ते डाव्या हुकवर, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारायच्या ठोशावर. सरळ ठोशांच्या वेळी खांदा आता सैल राहतो, पण हुक मारताना तो अजून कानापर्यंत चढतो आणि पुढच्या जॅबपर्यंत खाली येत नाही. म्हणून या महिन्यात प्रत्येक हुकनंतर एक पाऊल बाहेर टाकून, खांदा जाणीवपूर्वक खाली सोडून, मगच पुढचा ठोसा मारायचा असे ठरवले आहे. फेरीत ठोसे कमी होतात, पण कालच्या सहाव्या फेरीअखेर डावा ग्लोव्ह गालालाच होता.