तीसपैकी तेरा, पण का?

मुक्त विद्यापीठातून एम. ए. (इतिहास) करताना एका विषयाच्या गृहकार्याला मला ३० पैकी १३ गुण मिळाले. विद्यापीठाचे आणि अभ्यासकेंद्राचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण जे घडले ते एका केंद्रापुरते मर्यादित आहे असे मला वाटत नाही. कमी गुण मिळाल्याचे वाईट वाटणे स्वाभाविक होते, पण मला खरा त्रास झाला तो एका निराळ्याच गोष्टीचा. हे गुण कोणत्या प्रश्नाला किती मिळाले, उत्तरात काय राहिले, काय चुकले, यांपैकी काहीही मला कोणी सांगितले नव्हते आणि सांगण्याची कोणाला आवश्यकताही वाटत नव्हती.

दूरशिक्षणात या अंतर्गत गुणांचे वजन थोडेथोडके नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या मुक्त व दूरशिक्षणविषयक विनियमांनुसार सत्रभर चालणाऱ्या मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के आणि सत्रान्त परीक्षेला किमान ७० टक्के वजन असते. नोकरी सांभाळून, रात्री जागून लिहिलेल्या पंधरा-वीस पानांवर एकूण निकालाचा जवळजवळ तिसरा हिस्सा अवलंबून असतो. तरीही गृहकार्याचे महत्त्व केवळ गुणांत मोजणे मला अपुरे वाटते. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, इंग्लंडमधल्या मुक्त विद्यापीठात १९७१ पासून विद्यार्थी शिकू लागले, १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. या सर्व व्यवस्थेच्या मुळाशी एक साधी कल्पना आहे. विद्यार्थी वर्गात येऊ शकत नाही, म्हणून शिक्षकाने त्याच्या लिखाणावर लिहून त्याला शिकवायचे. समुपदेशकांच्या, म्हणजे अभ्यासकेंद्रावर गृहकार्य तपासणाऱ्या शिक्षकांच्या, प्रशिक्षणात तर शेऱ्यांचे प्रकारच सांगितले जातात: विधायक शेरा, पोकळ शेरा, दिशाभूल करणारा शेरा, विद्यार्थ्याचा हिरमोड करणारा शेरा, आणि सर्वांत वाईट म्हणजे शेराच नसणे. मला जे मिळाले ते या शेवटच्या प्रकारात मोडणारे होते. त्या विषयाचा माझा वर्ग भरलाच नव्हता, फक्त हजेरीपटावर गुण मांडले गेले होते.

केंद्रसंयोजकांकडे गेले तेव्हा त्यांनी सौजन्याने, पण ठामपणे सांगितले की गृहकार्याच्या फेरतपासणीची तरतूद नियमांत नाही. "मॅडम, पास झालात ना, मग कशाला वाढवता?" असेही ते म्हणाले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. केंद्रातले इतर विद्यार्थीही मला हेच सुचवत होते, आणि प्रत्येकाच्या मनात एकच भीती होती: पुढच्या सत्रात हेच सर आपले गृहकार्य तपासणार आहेत. या भीतीला पुरावा कोणाकडेच नव्हता. तरीही तक्रारी न होण्याचे सर्वांत मोठे कारण ती असावी.

माझ्याकडे एक पुरावा होता, पण तो वापरण्याजोगा नव्हता. माझी वही नेऊन जवळपास त्याच मुद्द्यांनी उत्तरे लिहिणाऱ्या एका सहाध्यायिनीला त्याच विषयात २१ गुण होते. तिचे नाव पुढे केले असते तर चौकशी तपासणीची नव्हे, तिची झाली असती. शिवाय 'तिला जास्त, मला कमी' हा युक्तिवाद मुळातच दुबळा आहे, कारण त्यातून फार तर दोन गुणांकांपैकी एक चुकीचा आहे एवढेच सिद्ध होते. कोणता चुकीचा, हे सिद्ध होत नाही. अनेक तक्रारअर्ज या एका वाक्यामुळे फुकट जातात असे माझे मत झाले आहे.

परीक्षकांच्या गुणदानात फरक पडतो ही गोष्ट काही नवी नाही. अमेरिकेत १९१२ च्या सुमारास स्टार्च आणि इलियट या संशोधकांनी इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तेव्हा एकाच उत्तरपत्रिकेला मिळालेल्या गुणांत तीसहून अधिक गुणांचे अंतर पडले. भाषेचा विषय आहे, असे होणारच, असा आक्षेप आल्यावर त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली, आणि तिला २८ पासून ९५ पर्यंत गुण मिळाले. म्हणून मला कमी गुण मिळाले एवढ्यावरून अन्याय झाला असे मी म्हणत नाही. निबंधवजा उत्तरात चार-पाच गुणांची तफावत मी निमूटपणे मान्य केली असती. परंतु कारण न देता केलेले गुणदान बरोबर आहे की चूक, हे ठरवण्याचा मार्गच विद्यार्थ्यासमोर उरत नाही, आणि माझ्या दृष्टीने अन्याय नेमका येथे आहे.

म्हणून मी गुण वाढवून मागण्याऐवजी तपासलेले गृहकार्य पाहायला मागितले. यासाठी कायद्याचा आधार आहे, आणि त्याचा इतिहास महाराष्ट्राशी जोडलेला आहे. उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क विद्यार्थ्यांना असावा असा कौल एके काळी मुंबई उच्च न्यायालयाने दिला होता. राज्य परीक्षा मंडळ त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८४ मध्ये निकाल मंडळाच्या बाजूने लागला. नियमांत तरतूद नसेल तर असा हक्क नाही, असे ठरले. पुढे माहिती अधिकार अधिनियम, २००५ आला आणि त्याच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले की तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' आहे आणि ती लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ती पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा अधिकार आहे. त्याच निकालातल्या आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. परीक्षकाचे नाव उघड होत नाही. पाहण्याचा अधिकार म्हणजे फेरतपासणीचा अधिकार नव्हे. आणि उत्तरपत्रिका जोवर नियमानुसार जपून ठेवलेली असते तोवरच हा अधिकार उपयोगी पडतो. या तिसऱ्या मुद्द्यामुळे चालढकल सर्वांत महाग पडते. रद्दीत गेलेल्या गठ्ठ्यावर कोणताही कायदा चालत नाही.

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज दिला. अर्जात 'मला कमी गुण का दिले?' असा प्रश्न विचारला नाही, कारण माहिती अधिकारात अस्तित्वात असलेली कागदपत्रे मागता येतात, कोणाकडून खुलासा मागता येत नाही. तपासलेल्या गृहकार्याची प्रत, प्रश्ननिहाय गुणांची नोंद आणि त्या विषयासाठी तपासणाऱ्यांना दिलेल्या सूचना, एवढेच मागितले. कायद्याने ठरवलेली ३० दिवसांची मुदत जवळजवळ संपत आली तेव्हा प्रत मिळाली. प्रश्ननिहाय नोंद आणि सूचना मात्र 'उपलब्ध नाहीत' असे कळवण्यात आले.

प्रत हातात घेऊन पाने उलटली. मुखपृष्ठावर लाल शाईत १३ हा आकडा आणि सही. आत पहिल्या तीन उत्तरांना स्वतंत्र गुण नव्हते. दुसरे उत्तर मुंबई इलाख्यातील रयतवारी पद्धतीवर, म्हणजे सरकारने थेट शेतकऱ्याकडून सारा घेण्याच्या पद्धतीवर होते. पाठ्यपुस्तिकेत मद्रास इलाखा आणि तेथे ही पद्धत रुजवणारे टॉमस मन्रो यांच्यावर भर आहे. मी त्यात ब्रिटिश अधिकारी प्रिंगल यांची फसलेली साऱ्याची आकारणी, १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून सुरू झालेली गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांची जमीन मोजणी, आणि मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्यापासून पसरलेला शेतकऱ्यांचा उठाव हे सारे आणले होते, कारण हा आमच्याच भागाचा इतिहास आहे आणि तो मी आवडीने वाचला होता. त्या परिच्छेदाच्या समासात एक लाल प्रश्नचिन्ह होते. बरोबरच्या खुणा आणि रेघा सोडल्या तर संपूर्ण गृहकार्यात समुपदेशकांनी लिहिलेली ती एकमेव खूण. माहिती चुकीची वाटली की विषयाला सोडून वाटली, की पुस्तिकेत नाही म्हणून शंका आली, हे त्या चिन्हावरून कळायला मार्ग नव्हता. पुस्तिकेबाहेरचे लिहिणे हा दोष असेल तर तसे सांगावे. मी वाद घातला असता, पण निदान वाद घालायला काहीतरी मिळाले असते. चौथ्या उत्तराच्या पानांवर तर बरोबरची खूणही नव्हती, रेघही नव्हती. ते वाचलेच गेले नव्हते.

येथे समुपदेशकांची बाजूही मांडली पाहिजे. ते एका महाविद्यालयात शिकवतात, हे काम जोडकाम म्हणून करतात, मानधन प्रत्येक गृहकार्यामागे तुटपुंजे मिळते आणि तेही वेळेवर मिळत नाही असे ऐकून आहे. मुदत संपायला आली की केंद्रावर गठ्ठेच्या गठ्ठे येऊन पडतात. विद्यार्थ्यांमध्ये तयार उत्तरे विकत घेऊन उतरवून काढणारेही पुष्कळ असतात, आणि अशी पन्नास एकसारखी उत्तरे वाचल्यावर एकावन्नावे मनापासून वाचले जाईल अशी अपेक्षा करणे अवघड आहे. हे सगळे मला समजते. परंतु एखादे उत्तर वाचलेच नाही तर त्याला गुण देण्याचाही अधिकार उरत नाही, मग ते दोन असोत की दहा.

दुसरा अर्ज विद्यापीठाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे केला. आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार अशी समिती प्रत्येक संस्थेत असावी लागते; तिने तक्रार मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि समाधान न झाल्यास पुढील १५ दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. याच विनियमांत एक मेख आहे, ती न वाचताच अनेक जण अर्ज करतात. केवळ फेरतपासणी करा, गुण वाढवा, अशी मागणी लोकपाल विचारात घेत नाहीत; निकालावर परिणाम करणारी विशिष्ट अनियमितता किंवा भेदभावाचे विशिष्ट उदाहरण दाखवून द्यावे लागते. म्हणून अर्जात 'अन्याय', 'मनमानी', 'पूर्वग्रह' हे शब्द मी कटाक्षाने टाळले. ते लिहिताना मन मोकळे होते, पण वाचणाऱ्याला अर्ज बाजूला ठेवायला निमित्त मिळते. चौथा प्रश्न अमुक पानापासून अमुक पानापर्यंत लिहिला आहे, त्यावर तपासणीची कोणतीही खूण नाही, एकूण गुणांची प्रश्ननिहाय विभागणी उपलब्ध नसल्याचे विद्यापीठानेच लेखी कळवले आहे, सबब त्या उत्तराचे मूल्यमापन दुसऱ्या परीक्षकाकडून व्हावे आणि सर्व उत्तरांवर लेखी अभिप्राय मिळावेत, असा एक पानाचा मजकूर आणि सोबत प्रती, एवढाच तो अर्ज होता.

समितीने चौथे उत्तर तपासण्याचा आदेश दिला. ते दुसऱ्या परीक्षकाने तपासले, चार गुण वाढले आणि एकूण १७ झाले. पहिल्या तीन उत्तरांबाबत 'हस्तक्षेपाचे कारण दिसत नाही' असा निष्कर्ष आला, आणि हाती असलेल्या पुराव्याकडे पाहता तो मला चुकीचा म्हणता येणार नाही. अभिप्रायाच्या मागणीबद्दल मात्र आदेशात एक शब्दही नव्हता. त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ मला आजवर कळलेला नाही.

आदेशाची प्रत घेऊन मी केंद्रसंयोजकांना विचारले की त्याच गठ्ठ्यातील इतरांची चौथी उत्तरे कोणी पाहिली का. तक्रार फक्त तुमची होती, असे उत्तर मिळाले. त्यानंतर केंद्रातल्या दोघांनी माझ्या अर्जाचा नमुना नेऊन आपापल्या गृहकार्याच्या प्रती मागितल्या आहेत. एकीचे नाव मी सांगणार नाही. तिला २१ गुण आहेत, आणि तिचे चौथे उत्तर तरी वाचले गेले होते का, हे आता तिलाही पाहायचे आहे.